दारावरचं पान

“वर काय पाहून राहिले, माणिकभाऊ? कबुतरं मोजून राहिले का?”

माणिकराव दचकले. खांबावरून निघालेली वायर नजमाबीच्या पत्र्यापर्यंत कशी येते, मधे तिला कुठं जोड आहे का, पत्र्याच्या आड दुसरी एखादी लपली आहे का, असं त्यांची नजर जुन्या सवयीनं चाचपत चालली होती. नजमाबी दारात कधी येऊन उभी राहिली ते त्यांना कळलंच नाही. गळ्यात मापाची टेप, हातात कात्री, आणि चेहऱ्यावर चोर सापडल्याचं हसू.

“न्हाई, सहज,” ते म्हणाले.

“सहज? आभाळात तर ढगाचं नखबी न्हाई.” तिनं दार पुरतं उघडलं. “शिडी देऊ का? वर चढून बगा. आकडा सापडला तर मलाबी दाखवा.”

माणिकरावांचे कान गरम झाले. पण मनातला संशय काही हलला नाही. नजमाबीच्या घरचा विजेचा वापर गेल्या महिन्यात जवळपास निम्म्यावर आला होता, आणि तोही ऐन उन्हाळ्यात, जेव्हा गोरेगावातली कुत्रीसुद्धा कूलरच्या मागच्या ओलीत जाऊन पडतात. उभी हयात मीटर वाचण्यात घालवलेल्या माणसाला याचा एकच अर्थ माहीत असतो. वायरीच्या टोकाला वाकडी तार बांधायची, बांबूनं ती खांबावरच्या उघड्या तारेला अडकवायची आणि मीटरला पत्ता लागू न देता घर चालवायचं. गावात त्याला आकडा टाकणं म्हणत. मनियार गल्लीत आकडा नाही असं घर माणिकरावांनी तरी पाहिलं नव्हतं.

ते गोरेगावचेच. वीज कार्यालयाच्या एका ठेकेदाराकडं मीटर रीडर म्हणून लागले आणि केस पांढरे होईस्तोवर तेच राहिले. आधी सायकल होती, मग लुना आली. गावातल्या प्रत्येक घराची बाहेरची भिंत त्यांना पाठ होती, पण एकाही घराच्या आत ते कधी टेकले नव्हते. मीटर बाहेरच असतं. गल्लीच्या तोंडाशी ‘मीटरवाला आला’ अशी हाळी उठायची आणि त्यांच्या पुढं पुढं धावत जायची. ते पोचेपर्यंत पत्र्यांवरच्या वायरी गोळा झालेल्या, दारं लोटलेली, आणि ओट्यावरच्या म्हाताऱ्या एकदम माळ ओढण्यात गुंतलेल्या. त्यांना कुणी कधी शिवी दिली नाही. चहाही कुणी विचारला नाही.

अधूनमधून हिंगोलीहून वीजचोरी पकडणारं पथक यायचं. त्याच्या आदल्या दिवशी ठेकेदार माणिकरावांच्या हातात लाल खडू द्यायचा. ज्या घराचा संशय येईल त्याच्या दाराशेजारी फुली मारायची. दुसऱ्या दिवशी पथक फुल्या बघत बघत येणार. माणिकराव खाली मान घालून फुल्या मारत. मारताना खडूचा आवाज होऊ नये म्हणून तो हलका धरत, एवढंच त्यांच्या हातात होतं.

मग नवी मीटरं आली. ती आपलं रीडिंग आपणच पाठवतात. माणिकरावांचं काम संपलं आणि लुना अंगणात कोंबड्यांच्या हवाली झाली. अशात एक दिवस हिंगोलीच्या कुठल्याशा संस्थेची जाई नावाची मुलगी त्यांचं घर शोधत आली. वीज वाचवायला लोकांना तयार करायचं, त्यासाठी गावातला, घरन् घर ओळखणारा माणूस तिला हवा होता.

“लोक माझं ऐकनार न्हाईत, बाई,” माणिकराव म्हणाले होते.

“उपदेशानं कुणाचीच सवय बदलत नाही, काका,” जाई हसून म्हणाली. “शेजारच्या घराची बदललेली दिसली की आपलीही बदलते. म्हणून हे.” तिनं पिशवीतून एक गठ्ठा काढला. हिरव्यागार पानाच्या आकाराचे स्टिकर होते, तळहाताएवढे. “ज्या घरांचा वापर उतरेल त्यांची यादी मी देईन, त्यांच्या दारावर हे लावायचं. बाकीच्यांना वाटलं पाहिजे, आपल्या दारावर का नाही?”

माणिकरावांनी ते पान बोटांनी चाचपून पाहिलं होतं. आपल्या हातानं कुणाच्या दाराला काही चांगलं लागेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या आनंदात त्यांना दुसरं काही आठवलं नाही, आणि तिथंच त्यांचं चुकलं.

“आता येता का आत, का तिथूनच तपासनी करता?” नजमाबी म्हणाली.

ते आत गेले. आत म्हणजे दोनच खोल्या. शिलाई मशीन पूर्वी मागच्या खोलीत दिव्याखाली असायची. बाहेरून तिचा आवाज त्यांना ओळखीचा होता. आता ती दाराशी उजेडाला ओढून घेतली होती.

“सकाळी हितं बत्ती लागतच न्हाई,” ती म्हणाली. “अन् इस्तरी रोज तापवत व्हते, ती आता जुम्म्याच्या दिशी एकदाच. सगळे ब्लाउज एका दमात. फ्रीजात गरम भांडं ठिवायचं न्हाई. टीव्ही रिमोटनं न्हाई, भितीवरच्या बटनातूनच बंद. बाहेरचा बलब तर रातभर जळायचा, काहून जळायचा कोनाला ठाव! तो पह्यले बंद केला.” ती थांबली. “असं काय पाहून राहिले? तुमीच तर म्हनले व्हते.”

माणिकराव बघत राहिले. म्हटलं होतं, खरंच. जाईनं शिकवलेलं गल्लीतल्या प्रत्येक दाराशी उभं राहून त्यांनी पोपटासारखं म्हटलं होतं. लोक ‘व्हय व्हय’ म्हणून दार लावून घेत होते. त्यातलं कुणी काही करील असं सांगतानाही त्यांना वाटलं नव्हतं. आणि हे एक घर असं निघालं, की त्यांनी सांगितलं म्हणून ऐकलं. दुसरं काही कारण नाही. आकडा नाही, चोरी नाही.

“मला वाटलं...” ते म्हणाले, आणि काय वाटलं ते गिळून टाकलं.

“काय वाटलं ते मला कळलं की. बसा. समरीन, भाऊला चहा ठेव गं.”

आतून समरीन डोकावली. नजमाबीची धाकटी. तिचं लग्न ठरलं होतं, वऱ्हाड साखऱ्याहून येणार होतं. लग्नाचा मांडव आसिफच्या थंड्याच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत पडणार, पाव्हणे शेजारपाजारच्या घरांत उतरणार, आणि गल्लीतल्या बाया गहू निवडायला नजमाबीच्या अंगणात जमणार, हे सगळं चहा उकळेपर्यंत नजमाबीनं सांगून टाकलं. माणिकराव खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. मनियार गल्लीत खुर्चीवर बसण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. कप रिकामा झाला तरी त्यांनी तो खाली ठेवला नाही.

निघताना त्यांनी दाराची फळी सदऱ्याच्या बाहीनं पुसली आणि मधोमध हिरवं पान लावलं. चार बोटं दूर होऊन पाहिलं. जरा तिरकं झालं होतं, पण बरं दिसत होतं.

“काय चिटकवून राहिले, मीटरसाहेब?” मागून आवाज आला. आसिफ दुकानात बर्फाची लादी घेऊन चालला होता. खांद्यावरच्या पोत्यातून पाणी ठिबकत होतं, तरी तो थांबला.

“बक्षीस हाय,” नजमाबीच दिमाखानं बोलली. “वीज वाचवली म्हनून.”

आसिफनं पानाकडं पाहिलं, मग माणिकरावांकडं, मग वर पत्र्यांवर. “अच्छा,” एवढंच म्हणून तो गेला.

संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की माणिकराव मीटरवाल्यानं नजमाबीच्या घराला खूण केली. पूर्वी लाल फुली असायची, आता लोक हुशार झाले म्हणून हिरवं पान काढलंय. शेजारची यास्मीन धावत आली. “आपा, खरवडून काढा ते. उद्या पथक येनार तुमच्याकडं.”

“येऊ दे की. माझ्याकडं काय सापडनार? पान राहू दे माझं.”

“लेकीचं लगन हाय आपा. घर खुनेचं झालं तर काय म्हनतील साखऱ्यावाले?”

“म्हनतील, घर शानं हाय,” नजमाबी म्हणाली आणि मशीन चालू केली.

पथक आलं, पण ‘उद्या’ नाही. लोक ते विसरायला लागले तेव्हा आलं, सकाळच्या पारी, चहाच्या वेळेला. हाळी द्यायला गल्लीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. दोन गाड्या थेट आत आल्या. शिड्या लागल्या आणि पत्र्यांवरून वायरींची भेंडोळीच्या भेंडोळी खाली पडायला लागली. आसिफच्या दुकानातल्या फ्रीझरची वायर निघाली. दुपारपर्यंत सगळी कुल्फी पातळ झाली आणि त्यानं ती वैतागून गल्लीतल्या पोरांना वाटून टाकली. पोरांना तो दिवस ईदसारखा गेला. थोरांना तसा गेला नाही.

पथक नजमाबीच्या दारापर्यंतही आलं होतं. एकानं मीटर पाहिलं, वायर पाहिली, दारावरच्या पानावरून सहज बोट फिरवलं आणि पुढं गेला. समोरच्या ओट्यावरून हे सगळ्यांनी पाहिलं.

आता पानाचा खरा अर्थ गल्लीला कळला. पान म्हणजे पकडायची खूण नव्हे. पान म्हणजे हे घर आपलं, याला हात लावू नका. आणि एखादं घर त्यांचं कधी होतं? जेव्हा ते बाकीच्यांची नावं पोचवतं. चहा पाजून, खुर्चीवर बसवून.

माणिकराव त्या आठवड्यात साखऱ्याला जाईच्या कामावर होते. परतले तेव्हा नजमाबीकडं जाण्यासाठी त्यांनी काही निमित्त शोधलं नाही. खुर्चीची ओढ होती, हे त्यांनी मनाशी कबूल केलं. अंगणात सतरंजी अंथरलेली होती, त्यावर गव्हाचं पोतं मोकळं केलेलं. ढीग मोठा होता. त्याच्या एका कडेला नजमाबी आणि समरीन दोघीच सुपं घेऊन बसल्या होत्या. बाकीची सतरंजी मोकळी.

“गल्लीतल्या बाया?” त्यांनी विचारलं.

नजमाबीनं मान वर केली नाही. “कोनाचं डोस्कं दुखतंय. कोनाच्या घरी पाव्हने आले. यास्मीनच्या हाताला काटा लागला. दोनी हाताला.”

समरीन उठून आत गेली. नजमाबी खडे वेचत राहिली. मग सावकाश तिनं एकेक सांगितलं. आसिफ म्हणाला, दुकानापुढं माल उतरणार आहे, मांडवाला जागा होणार नाही. ज्या घरांत पाव्हणे उतरणार होते तिथं एकदम रंगरंगोटी निघाली. शिवायला टाकलेले ब्लाउज बायांनी अर्धवटच परत नेले. आणि काल साखऱ्याहून सोयऱ्यांचा माणूस येऊन गेला. बोलला काही नाही, नुसता विचारत होता, गल्लीशी तुमचं कसं काय आहे म्हणून.

“पान काढून टाका मंग,” माणिकराव घाईनं म्हणाले. “मीच काढतो.”

“काढलं कवाच. बगा.”

त्यांनी दाराकडं पाहिलं. पान निघालं होतं, पण जुन्या काळपट फळीवर तेवढी जागा उजळ राहिली होती. देठासकट पानाचा आकार लांबून दिसत होता.

“घासलं, राखुंडीनं घासलं. जास्तच चकाकाया लागलं.” ती पहिल्यांदा त्यांच्याकडं पाहून बोलली. “माणिकभाऊ, एक विचारते. राग मानू नका. पथक येनार हे तुमाला ठाव व्हतं का?”

“न्हाई.”

“खरं?”

“शप्पत न्हाई.”

तिनं बराच वेळ त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. मान हलवली, पण ती विश्वासाची होती की नुसतीच, ते त्यांना समजेना. “म्या तुमचं ऐकलं,” ती म्हणाली. “दुसरं कायी केलं का म्या?”

त्या दिवशी चहा झाला नाही. त्यांनीही वाट पाहिली नाही.

तिथून ते तडक आसिफच्या दुकानावर गेले. आपण होऊन चारचौघांत जाऊन बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. रस्त्यात दोनदा पाय अडखळले. दुकानापुढच्या बाकड्यांवर गल्लीतली पाच-सहा माणसं होती. फ्रीझर बंद होता आणि त्याच्यावर आसिफनं बिस्किटांच्या बरण्या मांडल्या होत्या.

“या मीटरसाहेब,” आसिफ म्हणाला. “काय देऊ? थंडं तर न्हाई आता.”

“नजमाबीनं कोनाचं नाव दिलेलं न्हाई,” माणिकराव उभ्याउभ्याच बोलले. “आता डीपीलाच, गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरलाच मीटर बसवलंय. डीपीतून किती गेली अन् घराघराच्या मीटरात किती उतरली, हे हिंगोलीत बसून दिसतंय. मेळ बसला न्हाई की पथक निघतंय. कोनी सांगायची जरूरतच न्हाई.”

आसिफनं बाकड्यावरच्या म्हाताऱ्या मुबश्शीर चाचाकडं वळून विचारलं, “चाचा, ऐकलं का? डीपीनं चुगली केली.”

“डीपीला तोंड फुटलं का मंग?” चाचा म्हणाला. हशा झाला.

“खरं सांगून राहिलो,” माणिकरावांचा आवाज बारीक झाला.

“काका, डीपी माझ्या दुकानामागंच हाय. जलमापासून पाहतो. ती गुरगुरते, बोलत न्हाई.” आसिफचं हसू मावळलं. “पथकवाल्यानं पान पाह्यलं, त्याच्यावर बोट फिरवलं अन् पुढं गेला. म्या या डोळ्यानं पाह्यलं. त्याचं काय?”

“तिच्याकडं काढायला कायी नव्हतं म्हनून गेला.”

“कायी नव्हतं? या गल्लीत?” आसिफनं सगळ्यांकडं पाहिलं. “काका, तुमीच सांगा. इतकी वरसं फिरले तुमी. हितं कायी नसलेलं घर पाह्यलं का कधी?”

माणिकरावांनी तरी कुठं मानलं होतं? ते स्वतः मान वर करून तिच्या पत्र्यावर वायर हुडकत उभे होते. शिडी देऊ का, असं तिला विचारावं लागलं होतं. खरं काय ते डोळ्यांनी दिसेपर्यंत त्यांचाही विश्वास बसला नव्हता. मग या लोकांनी कशावरून ठेवावा?

समोरून समरीन चालली होती. निवडलेल्या गव्हाची पिशवी कमरेवर, तोल सावरत गिरणीकडं. बाकड्यावरच्या एकानंही तिला ‘कुठं चालली गं पोरी’ म्हणून विचारलं नाही. ती जाईपर्यंत माणसं जमिनीकडं बघत राहिली. मुबश्शीर चाचा तर तिचा चुलत आजा लागत होता.

माणिकराव बाकड्याच्या जवळ सरकले.

“म्या सांगितलं,” ते म्हणाले.

“काय?”

“नावं. म्या दिली पथकाला. मीटरचं काम गेलं, वाटलं परत घेतील. तुमच्या सगळ्याची दिली.”

किती लवकर मानलं त्यांनी! माणिकराव चाटच पडले. मघाशी खरं सांगताना एकेका शब्दाला धाप लागत होती. हे खोटं असं सरळ उतरलं, जसं काही त्याची जागा आधीपासून तयार होती. कुणाच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. उलट एक प्रकारची सुटका होती, कोडं जमल्यासारखी.

“आता कसं बोल्ले,” आसिफ हळूच म्हणाला.

फक्त मुबश्शीर चाचा डोळे बारीक करून बघत होता. “मंग नजमाचं काहून न्हाई दिलं?”

याचा माणिकरावांनी विचार केला नव्हता.

“तिच्या घरी चहा घेतला व्हता, चाचा,” ते म्हणाले. “नाव जिभेवर आलं न्हाई.”

चाचानं सावकाश मान हलवली. हे त्याला पटलं.

“अन् ते पान?”

“म्याच लावलं. तिला काय माहीत. बिचारीला वाटलं बक्षीस हाय.”

आसिफ गल्ल्यामागून उठला. दणकट माणूस, त्याचा हात उठेल असं माणिकरावांना वाटलं. पण तो फक्त बाकड्यापाशी आला आणि त्यावर कापड झटकून म्हणाला, “या गल्लीत कोनाच्या दाराला आता हात लावू नका, काका. वयाकडं पाहून बोलतो.”

त्यांनी मान डोलावली. परत फिरताना पाय मात्र अडखळले नाहीत.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. त्यांची बायको पारुबाई बाजारातून भाजी घेऊन आली ती पिशवी तशीच ठेवून दारात बसली होती. ते पाय धुवून आत आले तरी उठली नाही.

“लोक काय बोलून राहिले, ते खरं हाय का?” तिनं विचारलं. “तुमी दिली नावं?”

माणिकराव टॉवेल शोधत राहिले. नवरा-बायकोतली गोष्ट आहे, हिला सांगायला हरकत नाही, असं वाटलं. पण पारुबाईच्या पोटात बोल राहत नाही. उद्या नळावर ती नवऱ्याची बाजू घेऊन भांडणार, आणि परवा गहू पुन्हा दोघींनाच निवडावे लागणार.

“तुला काय वाटतंय?” ते म्हणाले.

या प्रश्नाचं एक उत्तर त्यांना हवं होतं. ते मिळालं असतं तर बाकी कशाचं काही वाटलं नसतं.

“मला काय वाटनार. पह्यलेबी खडू तुमच्याच हातात राहत व्हता,” पारुबाई म्हणाली आणि तिनं भाजी निवडायला घेतली.

चार दिवसांनी मनियार गल्लीतून जावं लागलं, कारण बसथांब्यावरून त्यांच्या घराकडं दुसरा रस्ता म्हणजे सगळ्या गावाला वळसा. नजमाबीचं अंगण बायांनी भरलं होतं. सुपं फडफडत होती, कोंडा उडत होता, कुणीतरी साखऱ्याच्या नवरदेवाच्या मिशांवर काहीतरी बोललं होतं आणि समरीन ओढणीत तोंड लपवून बसली होती. यास्मीनचे दोन्ही हात झकास चालले होते. माणिकराव दिसले आणि सुपं थांबली.

“गहू झाका गं बायांनो,” यास्मीन मोठ्यानं म्हणाली. “नजर लागंल. अन् दारावर कायी चिटकलं तर न्हाई ना, ते बगा.”

हशा झाला. नजमाबी मधोमध बसली होती. ती हसली नाही. माणिकरावांनी तिच्याकडं पाहिलं नाही, पण तिच्या हातातलं सूप तेवढ्यापुरतं हललं नाही, हे त्यांना चालता चालता जाणवलं. बोलली मात्र तीही नाही. बोलायला नकोच होतं. ती बोलली असती तर केलेलं सगळं पाण्यात गेलं असतं. हे त्यांना कळत होतं, तरी गल्ली संपेपर्यंत त्यांचे कान मागंच होते.

लग्न झालं. मांडव आसिफच्या दुकानापुढंच पडला. त्यानं रीतसर जोडणी घेऊन फ्रीझर चालू केला आणि वऱ्हाडाला गार पाणी पाजलं. माणिकरावांच्या घरी आवतण आलं नाही. त्या दिवशी ते वळसा घेऊन आले.

त्यानंतर एकदा जाईचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता.

“काका, मनियार गल्लीच्या डीपीवरचा वापर केवढा उतरलाय माहितेय? संध्याकाळचा तर खूपच. लोक खरंच बदलले हो!”

“व्हय,” माणिकराव म्हणाले. “बदलले.”

“मग आता सगळ्या गल्लीलाच पान लावूया. प्रत्येक दारावर.”

गठ्ठा समोरच्या कोनाड्यात होता. वरच्या पानावर धूळ बसली होती.

“पानं संपली, बाई,” ते म्हणाले. “अन् आता माझ्याच्यानं फिरनं व्हत न्हाई. दुसरं कोनी पाहा.”

उन्हाळा सरत आला. एका संध्याकाळी सेनगावहून यायला त्यांना उशीर झाला, जीप मधेच बंद पडली होती. वळसा घ्यायचं त्राण नव्हतं. दिवेलागण होऊन अंधार पडायला लागला होता, तेव्हा ते मनियार गल्लीच्या तोंडाशी पोचले. गल्ली उजळलेली होती. टीव्ही लागले होते, कूलर घरघरत होते.

“आला गं,” कुठूनतरी एक आवाज आला. पूर्वीसारखी हाळी नव्हती, हलक्या आवाजात म्हटलेलं होतं. पण तो शब्द पूर्वीसारखाच त्यांच्या पुढं धावत गेला. पहिल्या घराचा कूलर थांबला. दुसऱ्याचा टीव्ही बोलता बोलता गप्प झाला. मग एकेक खिडकी विझत गेली, ते जसजसे पुढं येत तसतशी. काहींकडं तर आता आकडाही नव्हता, तरी विझवत होते. माणिकरावांच्या चपलांचा आवाज तेवढा गल्लीत राहिला.

गल्लीच्या मधे गटारीवरची फरशी तुटलेली होती. दिवसा लोक ती ओलांडून जात. अंधारात पाय जायचा. तिच्या अलीकडं ते थांबले आणि पायानं कडा चाचपायला लागले.

तेवढ्यात समोर बल्ब लागला. नजमाबीच्या दारावरचा, बाहेरचा. सगळ्यात आधी बंद केला होता तो. दार लोटलेलंच होतं, कुणी दिसत नव्हतं. फळीवर पानाएवढी जागा चकाकत होती. पिवळा उजेड फरशीच्या भोकापर्यंत येऊन पोचला आणि तिथं थांबला.

माणिकरावांनी वर पाहिलं नाही. वायर कुठून आली ते पाहिलं नाही. त्यांनी नेमका पाय टाकला, दुसरा उचलला, पलीकडं गेले.

पाठीमागं बटन दाबल्याचा आवाज झाला आणि अंधार पुन्हा होता तसा झाला.